पूजेतली चावी

गाड्यांविषयी मी जन्मभर बोलत आलो आहे. कॉफीच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात, अगदी तेराव्याच्या पंगतीतसुद्धा — कुणी गाडी हा शब्द काढायचा अवकाश, की मी सुरू. इंजिन, गिअर, मायलेज, रंग, कुठली घ्यावी, कुठलीच्या वाटेला जाऊ नये — विचारा, न विचारा, माझं मत तयार. इतकं बोललो, इतकं बोललो, की आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही कार्ब्युरेटर कळत असेल. पण एक वाक्य मात्र कधी तोंडातून निघालं नाही. आई गेली, तिला सांगितलं नाही. देवासमोर बसलो, त्यालाही नाही. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही — म्हणून तर सांगवतंय.

आधीच बजावतो, मी चिडलेला माणूस आहे. गोड बोलणं मला जमत नाही. आणि हे लिहिताना ज्याच्यावर चिडलोय तो समोर आरशात आहे, तेव्हा त्याची गय करायचं काही कारणही नाही.

आम्ही तंजावूरचे. मराठी घरात, तमिळ रस्त्यावर आणि भांडण हाताबाहेर गेलं की इंग्रजी. मी इथल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत होतो — लेक्चरर नव्हे, मुलांना उपकरणं मांडून देणारा. पण प्रयोगशाळेत आहे म्हटलं की लोकांना वाटतं, याला यंत्रातलं सगळं कळतं. वाटू दिलं. कुणाला वाटू दिलं म्हणून पाप लागतं का? तेव्हा वाटायचं, नाही लागत.

माझ्या तरुणपणी या देशात गाड्या म्हणजे दोनच. एक ती गोल पाठीची, कलेक्टरची. दुसरी ती चौकोनी, डॉक्टरची. नाव नोंदवायचं आणि वाट बघत बसायचं — मुलीच्या बारशाला नोंदवलेली गाडी तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी दारात यायची. आणि यायची ती तरी कशी? दार आपटल्याशिवाय लागत नाही, पाऊस आला की पायाशी पाणी, उन्हाळ्यात चढावर उकळी. बनवणाऱ्यांना लाज नव्हती. कशाला असेल? गिऱ्हाईक जाणार कुठं? वर्षानुवर्षं तोच पत्रा, तेच इंजिन, समोरची जाळी तेवढी बदलायची आणि म्हणायचं, नवी! अशांच्या कानाखाली वाजवायला हवी होती. आपण काय केलं? हार घातले, कुंकू लावलं.

मग नव्वदीत दिल्लीनं दारं उघडली आणि परदेशी कंपन्या आल्या. लोक नाचायला लागले. मी नाचलो नाही. मी म्हटलं, बघा तरी काय पाठवलंय! त्यांच्या देशात म्हातारी झालेली मॉडेलं, त्यांवर चकचकीत रंग आणि आत टेपरेकॉर्डर. जाहिरातीत डोंगर आणि बर्फ. तंजावुरात बर्फ? इथं क्षितिजापर्यंत सपाट भातशेती, आणि सुगीला अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेला भात. त्यावरून जरा वेगानं नेली तर म्हातारी काठी घेऊन मागे लागते, ते नाही दाखवलं जाहिरातीत. मागच्या सीटला पट्टा नाही. का नाही? त्यांच्याकडे पाठवायच्या गाडीला लावता आणि आमच्या गाडीला नाही — आमची माणसं मागे बसून मरत नाहीत वाटतं?

हे सगळं खरं आहे हो. आजही मी यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण बघा — तुम्हाला एक वाक्य सांगायला बसलो आणि पुन्हा गाड्यांवर घसरलो. असंच करत आलोय. बोलण्याच्या मागे दडून बसायची सवय.

तर, गावात नाव झालं. आमच्या लोकांत कुणी गाडी घ्यायची म्हणाला की आधी पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळात जाणार, नारळ फोडणार, आणि मग माझ्याकडे येणार. सगळे मला अण्णा म्हणत, माझ्याहून मोठेसुद्धा. ‘अण्णांना दाखवलीत का?’ — हे एक वाक्य झालं होतं आमच्यात. मी मोपेडवरून जायचो. बॉनेट उघडायला लावायचो. डोळे मिटून इंजिन ऐकायचो, कपाळाला आठ्या घालायचो, आणि म्हणायचो, ‘टॅपेटचा आवाज आहे.’ टॅपेटचा आवाज प्रत्येक गाडीला असतो. आणि कुणी विचारलंच, अण्णा, तुम्ही स्वतः का नाही घेत — तर माझं उत्तर ठरलेलं. ‘घ्यावी अशी गाडी या देशात अजून बनली नाही.’ काय वाक्य होतं! लोक माना डोलवायचे. म्हणायचे, बघा, किती बारकाईनं बघतो माणूस.

मला गाडी चालवता येत नाही.

झालं. हे ते वाक्य नव्हे, पण त्याचं दार हेच. येत नाही, कधीच आली नाही. ज्ञान होतं ते सगळं मद्रासहून मागवलेल्या इंग्रजी मासिकांतलं. तिशीत असताना शिकायला गेलो होतो — तंजावुरात नव्हे, इथं कुणी पाहिलं तर? लपून तिरुचीला. ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या म्हाताऱ्या गाडीत बसलो, क्लच म्हणजे काय हे मी त्या मास्तरलाच समजावून सांगितलं. आणि बसस्टँडजवळच्या चौकात गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागे बस, बसचा हॉर्न, बसच्या मागे आणखी हॉर्न, एक फुलवाली बाई हसत उभी. दार उघडलं, उतरलो आणि चालायला लागलो. मास्तर ओरडत राहिला, मी मागे वळून पाहिलं नाही. सरळ तंजावूरच्या बसमध्ये जाऊन बसलो. तेव्हापासून चाकामागे बसायचं नुसतं मनात आलं तरी तळहात ओले व्हायचे. माझं लग्न झालं नाही. झालं असतं तर हे लपलं नसतं.

एवढंच असतं तर तुमचा वेळ घेतला नसता. थापाड्या माणूस काय, प्रत्येक गावात एक असतो. लोक हसतात, तोही हसतो, विषय संपतो. माझा संपला नाही.

माझे मामा. आईचे धाकटे भाऊ, शेतकी खात्यातून रिटायर झालेले, ओरत्तनाडूकडे थोडी जमीन. पश्चिम राजवीथीला घर. मुलगा श्रीनिवास बंगलोरला कॉम्प्युटरच्या नोकरीत, घरात मामा, मामी आणि सून जयंती. जयंतीला इथल्या शाळेत नोकरी होती म्हणून ती मागे राहिली, श्रीनिवास महिन्यातून एकदा यायचा. आमच्यात सासऱ्याला मामाच म्हणतात, त्यामुळे तिचेही ते मामा आणि माझेही. मामांना मी प्रिय होतो. माझं गाड्यांचं पुराण ते मांडी घालून ऐकायचे आणि मधेच मामीला हाक मारायचे, ‘ऐकलंस का, काय सांगतोय!’ मला बापाचं प्रेम जे काय मिळालं ते त्यांच्याकडून. हे मुद्दाम लिहितोय. स्वतःला टोचावं म्हणून.

मामांनी गाडी घेतली, माझ्या सल्ल्यानं. छोटी, पांढरी, पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम. कंपनीचं नाव नको. गाडीत काही खोट नव्हती, आणि खोट नव्हती हाच तर मुद्दा आहे. देवळापुढं पूजा झाली. आमच्याकडे नव्या गाडीच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवतात, आणि पहिल्यांदा ती चिरडत गाडी पुढं न्यायची असते. मामा चावी माझ्यासमोर धरून उभे. ‘अंबी,’ — लहानपणचं हे नाव त्यांनी कधी सोडलं नाही — ‘तूच ने. तू निवडलीस, तुझा मान.’ सगळं खानदान बघतंय, गुरुजी बघताहेत, बाहेरचा फुलवालाही बघतोय. आणि मी काय केलं? हसलो, दोन पावलं मागं सरलो, आणि म्हणालो, ‘छे छे मामा, शास्त्र आहे — ज्याच्या नावावर गाडी, लिंबं त्यानंच चिरडायची. दुसऱ्यानं चिरडली तर गाडी त्याचीच होते.’ असं कुठलंही शास्त्र नाही. मी जागच्या जागी रचलं. गुरुजींनी मान हलवली, कारण गुरुजींनाही आपल्याला माहीत नाही हे दाखवायचं नव्हतं. आमच्या लोकांत आजही ते पाळतात. मागच्या वर्षी एका लग्नात कुणीतरी मलाच ते शास्त्र सांगत होतं. मी जेवत राहिलो.

मामा जुन्या वळणाचे, पण एका बाबतीत नाही. त्यांनी सुनेला गाडी शिकवली. पुदु आरूच्या कालव्याकाठी जो सरळ रस्ता जातो तिथं, सकाळच्या वेळी. चुडीदार घालून ती चाकामागे, हे शेजारी, मामी मागे बसून जप करत. बघता बघता ती पोरगी गाडी चालवायला लागली! लायसन काढलं. बाजारात जाऊ लागली, कीळवासलच्या त्या गर्दीतून — जिथं बैल, सायकली, टाउन बस आणि फणसाच्या गाड्या एकमेकांच्या अंगावर चढतात — तिथून आरामात, एक हात बाहेर काढून पादचाऱ्याला थांब म्हणत. मामा सगळीकडे सांगत सुटले, आमची जयंती, आमची जयंती.

मला सहन होईना. स्पष्ट लिहितो: जळफळाट झाला. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, जिला टॉर्क म्हणजे काय ठाऊक नाही, ती जे हसत हसत करते ते मला या जन्मात जमलं नाही. मी तिच्या शेजारी बसायचो आणि चुका काढायचो. गिअर उशिरा टाकलास. क्लचवर पाय ठेवतेस. हॉर्न जास्त वाजवतेस. ती म्हणायची, ‘हो अण्णा. बरोबर अण्णा.’ तिला माझा राग कधी आला नाही. तिला वाटायचं, शिकवतायत.

आता तो दिवस.

आयुधपूजेचा. तुम्ही दसऱ्याला शस्त्रं पुजता, आम्ही आदल्या दिवशी. पुस्तकं, हत्यारं, शिवणयंत्र, जे काही आपल्याला अन्न देतं ते सगळं सरस्वतीपुढं मांडायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुनर्पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मुलांची चंगळ, अभ्यास करायचा नाही. मामांच्या घरी गाडी धुतली, चंदन-कुंकू लावलं, हार घातला. आणि चावी पूजेत ठेवली, जयंतीच्या शाळेच्या पुस्तकांवर, फुलांच्या मधोमध. दर वर्षी तसंच ठेवायचे. मी जेवायला होतो. श्रीनिवास दुसऱ्या दिवशी येणार होता.

दुपारी जेवणं झाली, पानं काढली जात होती. मामा ओट्यावर बसले होते. म्हणाले, छातीत जड वाटतंय. मामी म्हणाली, वडे जास्त झाले असतील, जिरं घ्या. मग मामा घामानं भिजले. धोतराचा सोगा तोंडाशी धरून एका अंगाला कलले, आणि त्यांचा चेहरा — नको. तो रंग मी पाहिलाय एवढंच सांगतो.

हॉस्पिटल लांब नव्हतं. मेडिकल कॉलेज रोडला, गाडीनं किती लागणार? गाडी दारात, हार घालून उभी. जयंती आत धावली. मामी ओरडली, ‘अगो, पूजेतलं उचलू नको!’ — तोंडातून निघून गेलं तिच्या, सवयीनं. जयंतीनं ऐकलं नाही. देवीपुढून चावी उचलली, फुलं सांडली, पुस्तकं खाली आली. बाहेर आली आणि चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, ‘अण्णा, तुम्ही चालवा. मी मागे मामांना धरते.’

कळतंय का? चावी माझ्या हातात होती. मला फक्त म्हणायचं होतं — मला येत नाही, तू चालव. लहान मूल म्हणेल इतकं सोपं. तिनं एका क्षणात चावी घेतली असती. हसायला तरी कुणाला वेळ होता? मामांचा श्वास घरघरत होता आणि मी, मी त्या क्षणी काय विचार करत होतो सांगू? हे, की मामी बघतेय. की शेजारचे जमलेत, त्यांतल्या दोघांनी माझ्या सल्ल्यानं गाडी नोंदवलीय. की आता सगळ्यांना कळणार. माणूस मरतोय, आणि मला माझी अब्रू!

मी म्हणालो, ‘ही गाडी काढायची नाही. ब्रेक गेलेत.’

ती बघतच राहिली. मी पुढं म्हणालो — आणि ‘हे खोटं होतं’, हेच ते कधी न निघालेलं वाक्य — ‘काल तू हँडब्रेक ओढलेला ठेवून चालवलीस, आठवतंय ना? मागच्या ब्रेकचे शू जळलेत. वास मी तेव्हाच ओळखला होता. आत्ता काढलीस तर कुठंतरी जाऊन आदळशील, सगळे मराल.’

त्यात खरं एवढंच, की आदल्या दिवशी घरापासून कोपऱ्यापर्यंत ती खरोखर हँडब्रेक थोडा ओढलेला ठेवून गेली होती. मीच दाखवलं, तिनं जीभ चावली, सोडला. कोपऱ्यापर्यंत! एवढ्यानं ब्रेक गरमही होत नाहीत. आणि समजा मागचे जळलेच असते — पुढं डिस्क आहेत की! गाडी थांबवायचं मुख्य काम पुढच्यांचंच. सगळं गाव ज्याला विचारून गाडी घ्यायचं त्याला हे माहीत नव्हतं? माहीत होतं. बोलताना माहीत होतं. जे काय शिकलो होतो आयुष्यभर, ते सगळं वापरलं मी, एका मुलीला खोटं पटवायला.

पटलं तिला. पटणारच. अण्णा म्हणाले.

मग मी मोपेड घेऊन रिक्षा आणायला गेलो. शूर! आयुधपूजेच्या दुपारी रिक्षा? स्टँडवर सगळ्या धुऊन, केळीचे खुंट बांधून ओळीनं उभ्या, रस्त्यावर कुंकू घालून फोडलेला कोहळा, चुरमुरे वाटणं चाललेलं, निम्मे ड्रायव्हर घरी. ज्याला त्याला हात जोडत सुटलो. एक जण निघाला, त्यानं बिचाऱ्यानं हारसुद्धा काढला नाही. आम्ही परत आलो तेव्हा मामा जयंतीच्या मांडीवर होते. रिक्षात घातलं. हॉस्पिटलच्या फाटकाच्या आधीच ते गेले.

लवकर नेलं असतं तर वाचले असते? डॉक्टर काही म्हणाले नाहीत, मी विचारलं नाही. मला आजही माहीत नाही. आणि या माहीत नसण्याच्या आड मी इतकी वर्षं उभा आहे — कुणास ठाऊक, नसतेही वाचले, अशी स्वतःची समजूत घालत. थू.

तुम्हाला वाटेल, इथं संपलं. घाबरलेला माणूस, एक क्षण, एक खोटं. नाही हो. घाबरून केलं ते एकदा केलं. पुढचं मी थंड डोक्यानं केलं.

श्रीनिवास आला. क्रिया सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, ‘अण्णा, गाडी गॅरेजला दाखवू या का? ब्रेकचं नक्की काय झालंय?’ गॅरेजवाला चाक काढणार आणि म्हणणार, काहीच झालेलं नाही. मी म्हणालो, ‘तू या सगळ्यात कुठं जातोस, मी बघतो.’ मोपेड काढली. एका वर्कशॉपच्या मागे भंगाराचा ढीग असतो, त्यातून जळून काळे पडलेले जुने ब्रेक शू उचलले. कुणाच्या गाडीचे होते देव जाणे. तमिळ पेपरात गुंडाळले, घरी आणले आणि सांगितलं, मेकॅनिक सकाळी येऊन बदलून गेला. सुतकाच्या घरात कोण आलं नि कोण गेलं, कुणाला पत्ता असतो?

ओट्यावर पेपर उलगडला. श्रीनिवासनं बघितलं. मामीनं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. आणि जयंती पुढं आली. खाली बसली. बोटानं त्या काळ्या पट्टीला हात लावला, बोट नाकाशी नेलं. मग उठून आत गेली. मी तिथं उभा होतो. तेव्हा तरी बोलायचं! जे जायचं ते गेलं होतं, आता तरी त्या पोरीला मोकळं करायचं. मी पेपर पुन्हा गुंडाळला, नीट, कोपरे दुमडून, आणि कालव्यात टाकून आलो.

तिनं त्यानंतर चाकाला हात लावला नाही. गाडी श्रीनिवासनं विकली. मामी मायाळू होती, पण दुःखात माणूस कशालाही धरतं — पूजेतली चावी उचलली म्हणून देवी कोपली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, जयंती शेजारी बसलेली असताना. एकीकडून देवी, एकीकडून ब्रेक. दोन्हीकडून तीच. श्रीनिवास तिला कधी काही बोलला नाही म्हणतात. न बोलणं पुरतं की. तिची बदली ओरत्तनाडूच्या शाळेत झाली, मग कित्येक वर्षं ती बसनं गेली, उभ्यानं, एका हातात वह्यांची पिशवी. स्टॉपवर मला दिसायची. मी मोपेड दुसऱ्या गल्लीत घालायचो. तिची मुलगी मोठी झाली, गाडी शिकते म्हणाली, तर जयंती म्हणाली, आपल्या घरात नको. एरवी त्या घरात तिचा आवाज कधी चढला नाही, त्या दिवशी चढला.

आणि मी? मी गाड्यांवर बोलत राहिलो! नवीन कंपन्या आल्या, मी नावं ठेवली. एअरबॅग आल्या, मी म्हटलं, उशीर केलात, माणसांच्या जिवाची यांना किंमत नाही. मी म्हटलं हे. याच तोंडानं.

या वर्षी आयुधपूजेला ती घरी आली होती, सुंडलचा — उकडलेल्या हरभऱ्यांच्या प्रसादाचा — डबा घेऊन. दर वर्षी आणते. केस पांढरे झालेत आता तिचे. डबा ठेवला, जरा बसली, आणि म्हणाली, ‘अण्णा, त्या दिवशी तुम्ही ब्रेकचं ओळखलंत म्हणून बरं झालं. नाहीतर मी मामांबरोबर सगळ्यांनाच मारलं असतं. तुमचे उपकार आहेत.’ उपकार! मी काय केलं असेल? सुंडल खाल्लं. चव घेऊन, तिच्यासमोर, खोबरं चांगलं पडलंय म्हणालो. ती गेल्यावर इतका संताप आला, की डबा भिंतीवर फेकला. मग तो पोचे काढून, घासूनपुसून परत दिला. तेवढी काळजी घेतो मी, काही दिसू नये म्हणून.

माफी मागत नाही. कुणाकडे मागणार आणि कोणत्या तोंडानं? तुम्ही मला समजून घ्यावं असंही नाही; समजून घेतलंत तर मला तुमचाच राग येईल. जयंती माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते. चालत गेलो तर कॉफी निवायच्या आत पोचेन. तिला मराठी बोलता येतं, तमिळ आणि इंग्रजी लिहिता-वाचता येतं. देवनागरीतलं मात्र तिला एक अक्षर वाचता येत नाही. आमच्यात फारसं कुणालाच येत नाही, मला वडिलांनी पट्टीनं मारून शिकवली. हे सगळं तमिळमध्ये लिहिणं मला जास्त सोपं गेलं असतं. मी ते देवनागरीत लिहिलं आहे.